झोपेची सुई

“आपल्याच माणसाच्या वेळी सुई काहून कमी पडते, सांग मले!”

माझे मोठे काका, बडे बाबा, दवाखान्याच्या व्हरांड्यात असे ओरडले की शेजारच्या चटईवर जेवायला बसलेल्या माणसांचे घास हातातच राहिले. एका बाईने तर डब्याचं झाकणच लावून टाकलं, जणू आमचं भांडण तिच्या वरणात पडणार होतं.

नीला आत्या मात्र शांत. तिची ही सवय मला मुळीच आवडत नाही. मी तिच्याएवढी शिकलेली असते ना, तर बडे बाबांच्या दुप्पट आवाजात बोलले असते.

“सुई कमी पडून नाही राहिली दादा,” ती म्हणाली. “मी कमी करून राहिले. समजून-उमजून.”

“हे घ्या! ऐका! आपलीच बहीण, आपल्याच बापाले!”

दुसऱ्या दिवशी आबांचं पोट उघडायचं होतं. पोटातल्या जखमेने त्यांना वर्षभर जाळलं होतं, आता अर्धं पोट कापून काढायचं ठरलं होतं. आबा म्हणजे माझे आजोबा, रुपराव. सगळा जन्म गिरणीत कापूस पिंजण्यात गेला आणि तो कापूस त्यांच्या छातीत जाऊन बसला. आमच्या घरी कोंबड्याची गरज नाही, पहाटे आबांच्या खोकल्याने सगळे उठतात. त्यांना भूल देणार होती त्यांचीच धाकटी लेक, नीला आत्या. आमच्या घरातली पहिली डॉक्टर. तरी वस्तीतली माणसं तिला अजून विचारतात, “झोपवतच राहशीन का वं? ऑपरेशन करणारी कधी होशीन?” मला असा राग येतो! माणसाला झोपवून पुन्हा जागं करणं म्हणजे काय शेंगा सोलणं आहे?

“दादा, नीट ऐक,” आत्या म्हणाली. “पोट कापलं की श्वास घेताना दुखते. म्हणून माणूस वरच्यावर श्वास घेते, खोकत नाही. मग आपण दुखू नये म्हणून झोपेची सुई देतो. ती जास्त झाली की छाती श्वास घ्यायचंच विसरते. ज्याची छाती धड आहे त्याचं निभून जाते. आबाचं नाही निभणार. कफ आतच राहीन अन् चार दिवसांत न्यूमोनिया.”

“म्हणजे दुखू देशीन.”

“नाही देणार! पाठीत, मणक्याजवळ, एक बारीक नळी घालून ठेवीन. तिच्यातून बधिर करायचं औषध देत राहीन. पोट बधिर अन् डोकं जागं. ऑपरेशनमध्येही वरून भूल कमी लागते. दुसऱ्या दिवशी आबा खुर्चीवर बसून खोकतील, पाहून घेजो.”

“पाठीत नळी!” देवकी आत्याने कपाळावर हात मारला. ही आमची मोठी आत्या, सावनेरला दिलेली. सकाळच्या एसटीने आली होती आणि तेव्हापासून रडण्याची संधीच शोधत होती. “बाप्पा! आमच्या शेजारच्या बाईले पाठीत सुई देल्ली, त अजून कंबर धरून चालते बिचारी. केशव, तू बोल ना गा काही!”

केशव म्हणजे माझे बाबा. बाबा फार चांगले आहेत, पण ज्याचं बोलणं शेवटी कानावर पडलं त्याच्या बाजूचे. आता शेवटी देवकी आत्या बोलली होती.

“पाठीचं काम नाजूक राहते, नीला,” बाबा म्हणाले.

“आणि छातीचं?” नीला आत्याने विचारलं.

“छातीचंही नाजूकच,” बाबा म्हणाले.

मला हसूही आलं आणि संतापही. कारण हे सगळं चाललं होतं वॉर्डाच्या उघड्या खिडकीखाली, आणि खिडकीच्या आत आबा जागे होते. त्यांचा खोकला मला ऐकू येत होता. चार लेकरं मिळून त्यांच्या दुखण्याची वाटणी करत होती आणि ज्याचं पोट त्याला कोणी विचारेना!

“आबाले विचारा ना कोणी!” मी म्हटलं.

“तू चूप बस वं चारू,” बडे बाबा म्हणाले. “तुही दहावी पाय.”

शेवटी कागदावर सही लागलीच, आणि ती मोठ्या मुलाची. पाठीच्या कण्यात नळी घालायला लेक चालते, पण सही मात्र ल्योकाची! हा कोणता न्याय? बडे बाबांनी पेन हातात घेतलं, पण सही करण्याआधी म्हणाले, “एक शब्द दे. माह्या बापाच्या तोंडातून ‘हूं’ निघता कामा नये.”

“नाही निघणार. औषध संपायच्या आत मी स्वतः येऊन नळी भरत जाईन.”

“निघाला त तू नाही अन् तुही नळी नाही.”

“बरं,” आत्या म्हणाली, आणि तिथेच अडकली.

बडे बाबा वाईट माणूस नाहीत. हे मला लिहावंच लागेल, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. त्यांचं नाव आनंदराव, रेल्वेत कारकून, आणि आमच्या घरातली सगळ्यात मोठी लढाई जिंकलेला माणूस. निदान आम्ही सगळे तसंच ऐकत वाढलो. आमच्याकडे भीमजयंतीला जेवणं झाली की बडे बाबा ती गोष्ट सांगतात आणि आम्ही पोट्टे दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकतो.

दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बडे बाबा नुकतेच मॅट्रिक झाले होते. त्यांच्या मायच्या, म्हणजे माझ्या आजीच्या पोटात गाठ झाली. कोण्या एका दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर दोन दिवस ती ओरडत राहिली. बाकीच्या खाटांवर सुया दिल्या गेल्या. मायच्या खाटेजवळून मात्र ट्रे तसाच पुढे जायचा. बडे बाबांनी हात जोडले. तेव्हा तिथला डॉक्टर हसून म्हणाला, “तुमच्या बाया वावरात बाळंत होतात आणि लगेच निंदायला लागतात. त्यांना कसली सुई?”

हे वाक्य सांगताना बडे बाबांचा आवाज अजूनही फाटतो. माझ्या तर अंगाची आग होते. तो डॉक्टर आज भेटला ना, तर मी त्याला वावरात नेऊन उभा करीन!

मग बडे बाबा वस्तीत गेले, चांगली वीस-पंचवीस माणसं घेऊन आले आणि दवाखान्याच्या दारात बसले. घोषणा दिल्या. संध्याकाळी सुई मिळाली. चांगली मोठी मिळाली. माय झोपली. दुसऱ्या दिवशी ती गेली, पण झोपेत गेली, ओरडत नाही. “आपण सुई घेतली,” गोष्ट इथे संपायची. “मांगून नाही, भांडून घेतली.” तेव्हापासून आमच्या घरात कोणी आजारी पडलं की आधी सुई मागायची, मग बाकीचं. दाढ काढायची असली तरी.

आणि आता त्यांचीच बहीण, पांढरा कोट घालून, म्हणत होती की सुई कमी करते. त्यांच्या कानात तो जुना डॉक्टरच बोलत होता. आत्याच्या तोंडून.

ऑपरेशन छान झालं. छान म्हणजे इतकं छान की दुसऱ्या दिवशी मी शाळेतून दप्तरासकट वॉर्डात गेले तर आबा खुर्चीवर! नाकात नळी, पाठीत नळी, हाताला सलाईन, आणि डोळे टक्क उघडे. पलीकडच्या खाटेवर आदल्या दिवशीच पोट कापलेले एक काका होते, ते तोंड उघडं टाकून दिवसभर गुंगीत. त्यांची बायको आमच्याकडे अशी पाहायची, की आम्ही काही जादूटोणा केला आहे.

“पोट माहंच आहे का वं?” आबांनी मला विचारलं. “चिमटा काढून पायलो. लागत नाही.”

“तुमच्या लेकीची करामत आहे,” मी म्हटलं.

“हाव.” आबा खोकले. खोकल्यावर स्वतःच खूश झाले. “खोकता येते पाय.”

त्या दिवशी बाबा पूर्णपणे नीला आत्याच्या बाजूचे झाले. देवकी आत्यानेही भावजयांना सांगितलं की नळीची कल्पना तिला पहिल्यापासून पटली होती.  बडे बाबा फक्त आबांच्या ओठांकडे पाहत बसले, ‘हूं’ निघतो का ते.

तिसऱ्या दिवशी निघाला.

त्या दुपारी मी शाळेत होते, पण काय झालं ते मी प्रत्येकाकडून वेगवेगळं काढून घेतलं आहे, त्यामुळे मी सांगते तेच खरं. नळी भरायची वेळ झाली आणि आत्या आली नाही. थिएटरात एक बाळंतीण रक्ताच्या थारोळ्यात आणली होती, आत्या तिच्या डोक्याशी उभी होती. तिला सोडून येणार कशी? आणि बाकी दवाखान्यात ती नळी भरणारं दुसरं कोणीच नाही! एवढे मोठे मोठे डॉक्टर, पण म्हणतात, इतकी कटकट कोण करणार, सुई द्या अन् झोपू द्या. म्हणजे एक बाई अडकली की आबांचं पोट उघड्यावर.

औषध उतरलं. आबा ओरडले नाहीत. त्यांनी खाटेचा लोखंडी दांडा धरला, आणि दाताआडून आवाज आला. बडे बाबांनी निरोप पाठवला. “येते,” उत्तर आलं. पुन्हा पाठवला. पुन्हा “येते.” आबांचे पाय आखडायला लागले. पलीकडच्या काकांच्या खाटेजवळ ट्रे थांबला, त्यांना सुई मिळाली, आणि ट्रे आबांच्या खाटेवरून पुढे निघून गेला.

बस्स. तो ट्रे पुढे जाताना पाहिला आणि बडे बाबा उठले.

“सिस्टर, माह्या बापाले सुई द्या.”

“मॅडमने सांगितलंय, त्यांना विचारल्याशिवाय नको.”

“मॅडम माही बहीण आहे! बाप माहा आहे! का आम्हाले अजूनही दारात बसा लागते?”

त्या आवाजापुढे कोण टिकणार? सिस्टरने सुई दिली. तिची ड्यूटी संपत आली होती, घाईत कागदावर चढवायचं राहून गेलं. बडे बाबा घाम पुसत खाली चहा प्यायला गेले. सुई लागू व्हायला वेळ लागतो, आबा अजून कण्हतच होते. तेवढ्यात देवकी आत्या आली. बाप कण्हतो आहे, जवळ कोणी नाही, ड्यूटीवर नवी सिस्टर. देवकी आत्या पदर तोंडाला लावून तिच्यापुढे अशी रडली की तिनेही सुई दिली.

दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. दोघांनाही नीला आत्याची भीती वाटत होती, आणि खरं सांगू का, दोघांनाही वाटत होतं की आबांचं दुखणं मीच थांबवलं.

मी पोचले तेव्हा भाऊ-बहीण खाटेच्या दोन बाजूंना बसले होते, अगदी प्रसन्न.

“हळू ये वं,” देवकी आत्या कुजबुजली. “किती दिवसानं निवांत झोपले माहे आबा.”

आबा घोरत होते. एक घोरणं, आणि मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम दुसरं.

“आबा कधी घोरत नाही,” मी म्हटलं. “आबा झोपेत खोकते.”

“चूप.”

“त्यांचे ओठ पाहा. असे जांभळे काहून दिसून राहिले?”

“चारू, म्हाताऱ्या माणसाची झोप मोडशीन!” बडे बाबांनी माझा हात धरला.

मी हात सोडवून घेतला आणि आबांना हलवलं. जोरात. मान नुसती इकडची तिकडे झाली. मग मी कोणालाही न विचारता पळत सुटले. दहावीतल्या मुलीने मोठ्यांचं ऐकावं असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं!

थिएटरच्या दाराशी चपला काढायच्या असतात. मी काढल्या नाहीत. पहारेकरी “ए पोट्टी!” म्हणून मागे धावला, तर मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले, “नीला आत्याऽ! आबा घोरून राहिले, उठतच नाहीऽ! अन् हे मलेच चूप म्हणतेऽ!” आत एक बाळ रडत होतं, अगदी नवं. दार उघडलं. आत्याने माझं तोंड पाहिलं, आतल्या डॉक्टरला दोन शब्द सांगितले, कपाटातून काहीतरी उचललं आणि हिरव्या कपड्यांतच माझ्या पुढे धावायला लागली.

शांत बाई आमची! तिने आबांची हनुवटी वर ओढली, छातीवर मुठीने रगडलं आणि सगळा वॉर्ड दणाणेल अशी ओरडली, “आबा! श्वास घ्या! घ्या म्हणते नं!”

आबांनी घेतला. सांगितलं म्हणून घेतला. आणि पुन्हा विसरले.

“घ्या! आणखी! सिस्टर, ऑक्सिजन! आबा, झोपायचं नाही! घ्या!”

तिने त्या सुईवरच्या उताऱ्याची सुई शिरेत दिली आणि ओरडतच राहिली, एकेक श्वास त्यांच्या छातीतून ओढून काढल्यासारखी. मी खाटेचा दांडा धरून उभी होते. मलाही श्वास घ्यायची आठवण राहिली नव्हती.

हळूहळू ओठांचा रंग पालटला. आबांनी डोळे उघडले. “कोण मारून राहिलं बे मले?” ते म्हणाले.

आत्या सरळ उभी राहिली. “सुई कोणी देवावली?”

“मी,” बडे बाबा म्हणाले.

देवकी आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. “तू? नाही गा दादा, मी देवावली नं.”

दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. बाबा नेमके त्याच वेळी ऑफिसातून आले होते, पण त्यांना कोणाच्याच बाजूला जाता येईना.

“बाहेर चला,” नीला आत्या म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात पहिले फुटले ते बडे बाबाच. “शब्द कोणी देल्ला होता? ‘हूं’ नाही निघणार म्हणून कोण बोललं? तो दांडा धरून तडफडत होता अन् तू ‘येते, येते’! माय ओरडत होती तेव्हा तू लहान होती, तुले घरी ठेवलं होतं. तू ऐकलं का? मी ऐकलं, दोन दिवस! मी माह्या बापाले तसं मरू नाही देणार!”

“चुकलं,” आत्या म्हणाली. “शब्द मोडला, ते माहं चुकलं. दुखू देणं हा गुन्हाच आहे दादा. ज्यांनी मायले दोन दिवस ओरडू दिलं त्यांच्या गळ्यात मी अजून तो गुन्हा बांधते. त्याच्यासाठीच त मी हे शिकली!” आता तिचाही आवाज चढला, आणि मला वाटलं, अहाहा, आता बोल! “पण सुई दोन तऱ्हेनं देते माणूस. एक दुखणं कमी करायले, अन् एक आवाज बंद करायले. आज आबाचा आवाज बंद झाला अन् तुम्ही दोघं खूश होऊन बसले! श्वास कोणी पाहिला? एका पोरीनं पाहिला, अन् तिले तुम्ही चूप करून राहिले होते!”

देवकी आत्या रडायला लागली. या वेळी खरं.  बडे बाबा खिडकीतून आत पाहत होते. आबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता आणि छाती खालीवर होत होती.

“माय बी अशीच घोरत होती,” ते म्हणाले.

त्यांनी खिडकीचा गज धरला.

“सुई देल्ल्यावर. अशीच. एक घोरणं, मग कितीतरी वेळ काही नाही. मी पाय चेपत बसलो होतो. मले वाटलं...” त्यांनी भिंतीला हात टेकला. “म्या आणली होती ती सुई, नीला. माणसं जमवून आणली होती.”

मी नीला आत्याकडे पाहिलं आणि मला एकदम कळलं, की हे तिला माहीत होतं. डॉक्टर झाली तेव्हापासून माहीत असणार. दर भीमजयंतीला आत्या ती गोष्ट ऐकत बसायची आणि गोष्ट संपायच्या आधी उठून भांडी घासायला जायची. आम्हाला वाटायचं, तिला मायची आठवण येते.

“ते तुह्यावर नाही दादा,” ती म्हणाली. “तू बरोबर मागितलं. देणाऱ्यानं मोजून द्यायची होती अन् देऊन पाहत बसायचं होतं. त्यानं तुमचं तोंड बंद करायले देल्ली अन् निघून गेला. आणि त्या सुईनंच मायले मारलं असंही मी सांगू शकत नाही. कोणी पाहिलंच नाही तिच्याकडे.”

आतून आबांचा आवाज आला. मुखवट्यातून बोलत होते म्हणून घुमत होता, पण राग स्वच्छ कळत होता. “तुम्ही सारे इकडं या! दुखते त मले दुखते, तुम्ही काहून भांडून राहिले? मले एकाने तरी विचारलं का?”

मी काय सांगत होते! मी काय सांगत होते पहिल्या दिवसापासून!

आम्ही ओळीने आत गेलो.

“नीला, नळी भर,” आबा म्हणाले. “मले नळीच पायजे. डोकं माह्यापाशी राहते. अन् तू एकटी कुठंकुठं पुरशीन? ह्या सिस्टर बाईले शिकव, नाहीत त आणखी कोणाले शिकव. पण माणसाले वाट पाहाले लावू नको.”

“शिकवते,” आत्या म्हणाली. सिस्टरकडे पाहून तिने मान हलवली, आणि सिस्टरनेही हलवली, थोडी घाबरत.

तिने नळीत औषध भरलं. “हे लागू व्हायले वेळ लागीन. अन् आबा, तोपर्यंत थांबता येत नाही. दुपारभर छातीत जे साचलं ते आता काढा लागते. दुखीन.” मग तिने पायथ्याची उशी उचलली, दुमडली आणि बडे बाबांच्या हातात दिली. “दादा, ही पोटावर दाबून धर अन् खोकायले लाव.”

“मी?” बडे बाबा मागे सरकले. “मी त्याले दुखवू?”

“दाबून धरलं की कमी दुखते. मले त्या बाळंतिणीकडे जाणं आहे. तूच कर.”

ती गेली. बडे बाबा उशी घेऊन उभेच. मग खाटेच्या कडेवर टेकले, एक हात आबांच्या पाठीमागे नळी सांभाळून घातला आणि दुसऱ्याने उशी टाक्यांवर दाबली. 

“खोका, आबा.”

आबा खोकले. डोळे पांढरे झाले. “मेलो रे पोट्ट्या!”

“आणखी एक.”

“नाही!”

“आणखी एक, आबा. मोठ्यानं.”

आबांनी दुसऱ्यांदा खोकून कफ काढला आणि त्याच्यासोबत असे ओरडले की पलीकडचे गुंगीतले काकासुद्धा दचकून जागे झाले. देवकी आत्याने कान झाकले. बडे बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण उशी त्यांनी सोडली नाही.

“ओरडा,” ते म्हणाले. “ओरडा आबा, कितीही ओरडा. कोणी बंद नाही करणार.”